जर्मनीतला पहिला महिना : बाजारहाट कसा करायचा

जुलै-ऑगस्ट उजाडला की बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या घरी दोन-चार मुलं तरी येऊन जातात. कुणी उद्यमबागेतल्या कॉलेजातून मेकॅनिकल करून मास्टर्सला निघालेला असतो, कुणी खानापूरची नर्सिंग झालेली मुलगी असते, कुणी निपाणीचा. व्हिसा, विद्यापीठ, खोली अशी सगळी जुळवाजुळव झालेली असते. उठता उठता आई हळूच विचारते, ‘ताई, तिथं हा खाणार काय? भाजी-किराणा कुठं मिळतो?’

आईचा हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मी २०१५ साली जर्मनीतल्या आखन शहरात शिकायला गेले आणि सात वर्षं तिथं राहिले. पहिल्या महिन्यात मला अभ्यासानं दमवलं नाही, बाजारानं दमवलं. आपल्याकडं दुकानदार आपली अर्धी कामं करतो, हे इथं असताना कधी लक्षातच येत नाही. रविवार पेठेत यादी दिली की किराणा बांधून मिळतो. ‘रवा बारीक देऊ की जाड?’ हे तोच विचारतो, आणि एखादा जिन्नस राहिला तर तोच आठवण करून देतो. गणपत गल्लीत भाजीवाल्या अक्का चांगले टोमॅटो निवडून घालतात. पैसे कमी पडले तर ‘उद्या द्या’ म्हणतात. जर्मनीत यातलं काहीही कुणी करत नाही. निवडणं, तोलणं, पिशवीत भरणं, बाटली परत नेणं, दुकान कधी बंद आहे हे ध्यानात ठेवणं, सगळं आपल्यावर. माणसं वाईट नाहीत, दुकानाची रीतच तशी आहे. ती रीत मी इथं क्रमानं सांगते.

निघण्याआधी, बॅग भरताना

सगळ्यांत आधी मन घट्ट करून सांगते : कुंदा नेऊ नका. बेळगावचं पोर परदेशी निघालं की कुंद्याचा डबा बॅगेत जातोच. पण युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुंदा, पेढे, खवा, साजूक तूप, पनीर हे सगळं त्यात येतं. विमानतळावर तपासणी झाली तर डबा तिथंच काढून घेतात. आजीनं रवीनं घुसळून कढवलेल्या तुपाची बरणी अशी जाण्यापेक्षा तुम्ही ती निघण्याआधी घरीच खाऊन घ्या.

ताजी फळं आणि पालेभाज्यांनाही रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, बंदी आहे. म्हणजे परसातला कढीपत्ता नाही, आंबा नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्यूरियन एवढ्या पाच फळांना सूट आहे.

काय न्यायचं? दळलेलं, भाजलेलं, कोरडं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, घरचं तिखट. प्रत्येक पुडी नीट सील करून वर इंग्रजीत नाव लिहा. तीन लिटरचा कुकर जरूर न्या. तिथं मिळतो, पण महाग, आणि आपल्या शिट्टीचा मिळत नाही. त्याची एक जास्तीची रबरी रिंगही घ्या, कारण ती तिथं शोधून सापडायची नाही. लाटणं न्या. स्वतःपुरती औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती नेता येतात.

थंडीचे कपडे मात्र इथून नेऊ नका. आपल्याकडचं जाकीट आपल्या डिसेंबरसाठी शिवलेलं असतं. प्रवासापुरतं एक स्वेटर-जाकीट पुरे, बाकी तिथं जाऊन घ्या.

शंभर-दीडशे युरो रोख जवळ ठेवा, तेही पाच, दहा, वीसच्या नोटांत. तुमचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यात, अडकलेले असतात. तिथल्या बँकेत खातं उघडल्यावरच ते दरमहा सुटायला लागतात. विद्यार्थ्यांसाठी सध्या ही रक्कम महिना ९९२ युरो आहे. खातं उघडायला दिवस जातात. मोठ्या दुकानात भारतीय कार्ड बहुधा चालतं, पण बेकरीत, छोट्या खानावळीत ‘नुअर बारत्सालुंग’ अशी पाटी दिसली तर फक्त रोख. आणि फोनपेची सवय इथंच सोडून जा. आपल्याकडं कोथिंबिरीच्या जुडीलाही स्कॅन करतो, तिथं तसं नाही.

कोणत्या वारी पोचताय, ते आधी बघा

ही चूक मी केली म्हणून पोटतिडकीनं सांगते. मी आखनला पोचले शुक्रवारी, २ ऑक्टोबरला, रात्री उशिरा. म्हटलं, सकाळी उठून दूध-भाजी आणू. सकाळी बाहेर पडले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी दुकानं बंद. ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुकानं बंद ठेवणं हा कायदा आहे, दुकानदाराची मर्जी नव्हे. दोन दिवस मी भाजणी पाण्यात कालवून, कोरड्या भांड्यात थापून खाल्ली. तेल नव्हतं, मीठ नव्हतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं हेही मला माहीत नव्हतं, म्हणून ते उकळून गार करत बसले.

माझ्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहायच्या. रविवारी दुपारी त्यांनी मला जिन्यात पाहिलं, काय झालंय ते ओळखलं, आणि हातानं खुणा करून सांगितलं : बसनं फाल्सला जा. आखन हे हद्दीवरचं गाव आहे. शहराच्या कडेला जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम अशा तिन्ही देशांच्या सीमा मिळतात, आणि फाल्स हे लगतचं डच गाव. तिथली दुकानं रविवारी उघडी असतात. शहर बसमध्ये बसले, थोड्या वेळानं पाट्यांची भाषा बदलली, एवढंच. शिनोळीला कर्नाटकातून महाराष्ट्रात हद्द ओलांडताना आपल्याला जसं काही वाटत नाही, तसंच. दूध, तांदूळ, बटाटे, मीठ घेऊन परत आले आणि त्या रात्री भात शिजवला. आपण सीमेवरची माणसं. पलीकडं स्वस्त काय, उघडं काय, हे आपल्याला जन्मापासून कळतं. ते शहाणपण तिथं कामी आलं.

प्रत्येकाच्या गावाला असं फाल्स नसतं. म्हणून हे लक्षात ठेवा :

सप्टेंबरअखेर पोचत असाल तर शक्यतो सोमवार ते गुरुवारचं तिकीट काढा. शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी पोचणार असाल तर तिथल्या सीनियरला सांगून दूध, पाव, फळं आधीच आणवून ठेवा. रविवारी अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं आणि पेट्रोलपंपावरचं दुकान उघडं असतं, भाव चढे असतात. बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या बाजूला, इतर दिवशीही दुकानं साधारण रात्री आठला बंद होतात. इतरत्र नऊ-दहापर्यंत चालतात. १ नोव्हेंबरची सुट्टी आखनच्या भागात, बायर्नमध्ये आणि आणखी काही राज्यांत असते, बर्लिनमध्ये नसते. म्हणून आपल्या राज्याची सुट्ट्यांची यादी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा.

शनिवारी संध्याकाळी दुकानात झुंबड उडते. आठवड्याची खरेदी गुरुवारी-शुक्रवारी उरकलेली बरी.

दुकानात शिरल्यावर

स्वस्तातली दुकानं म्हणजे आल्डी, लिडल, पेनी, नेटो. थोडी मोठी, जास्त प्रकार असलेली रेवे, एडेका, काउफलांड. साबण, शाम्पू, पावडर, सॅनिटरी पॅड यांसाठी डीएम आणि रॉसमान. पहिला महिना आल्डी-लिडलमध्येच काढा. तिथं प्रकार कमी असतात, त्यामुळं डोकं भंजाळत नाही.

ट्रॉली साखळीनं बांधलेली असते. खाचेत ५० सेंट, एक किंवा दोन युरोचं नाणं घातलं की सुटते, आणि परत जागेवर लावली की नाणं परत मिळतं. एक नाणं कायम वेगळं ठेवा.

शेल्फवरच्या पाटीवर दोन किमती असतात. मोठ्या अक्षरात पाकिटाची, आणि खाली बारीक अक्षरात किलोला किंवा लिटरला किती ती. खरी किंमत ती बारीक अक्षरातली. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. दशांशाला तिथं स्वल्पविराम लिहितात, म्हणजे १,९९ हे एक युरो नव्याण्णव सेंट. कर किमतीतच धरलेला असतो, खाद्यपदार्थांवर बहुतेक ७ टक्के, इतर वस्तूंवर १९. पाटीवर जे लिहिलंय तेच भरायचं. घासाघीस नाही.

फळं-भाज्या स्वतः निवडा. काही नगावर असतात, काही किलोवर. आल्डी-लिडलमध्ये काउंटरवरच वजन होतं. काही मोठ्या दुकानांत मात्र भाजीच्या विभागात काटा असतो. भाजीच्या पाटीवरचा आकडा बघायचा, काट्यावर तो दाबायचा, निघालेली चिठ्ठी पिशवीला चिकटवायची. हे विसरून काउंटरवर गेलात तर मागच्या दहा माणसांना थांबवून परत पळावं लागतं.

आता ज्या चुका जवळजवळ प्रत्येक जण करतो, त्या सांगते.

कपडे धुवायची पावडर म्हणजे ‘वाशमिटेल’. तिच्याच शेजारी तसल्याच रंगीत बाटल्यांत ‘वाइखश्प्युलर’ असतं. ते कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी. मी तीन आठवडे त्यातच कपडे धुतले. वास छान यायचा, कॉलर मात्र काळीच राहायची.

‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे कढवलेलं लोणी, आपलं तूप. नुसतं ‘श्माल्ट्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी. दोन्ही पांढरी-पिवळी, एकाच फ्रीजमध्ये शेजारीशेजारी. शाकाहारी मुलांनी हा एक शब्द पाठ करून जावा. त्याबरोबर ‘श्वाइन’ डुक्कर, ‘रिंड’ गाय-बैल, ‘हेन्शेन’ कोंबडी, ‘पुटे’ टर्की. जेली-गोळ्या आणि काही गोड दह्यांत ‘गेलाटिने’ असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. पिवळ्या वर्तुळातलं व्ही अक्षर दिसलं की निर्धास्त घ्या.

पाण्याच्या बाटलीवर ‘श्टिल’ लिहिलेलं नसेल तर ते सोड्याचं पाणी. पण बाटली घेताच कशाला? नळाचं पाणी प्या.

तारखा दोन तऱ्हेच्या असतात. ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे तोवर चव-दर्जाची हमी. तारीख उलटली म्हणून वस्तू लगेच खराब होत नाही. ‘त्सु फेरब्राउखेन बिस’ मात्र खिमा, मासळी असल्या नाशवंत मालावर असतं, ते पाळायचंच. तारीख जवळ आलेल्या मालावर ३० टक्के सवलतीचं लेबल लावतात. संध्याकाळी गेलात तर दही, पाव, पनीरसारखं चीज असं बरंच अर्ध्या-पाऊण भावात मिळतं. त्यात कमीपणा नाही, प्राध्यापकही घेतात.

काउंटर : इथं घाम फुटतो

काउंटरला ‘कासे’ म्हणतात. रांगेत माणसामाणसांत हातभर अंतर असतं, मागून कुणी खेटत नाही, तुम्हीही खेटू नका. सरकत्या पट्ट्यावर आपलं सामान मांडायचं आणि मागं एक आडवी काठी ठेवायची, म्हणजे मागच्याचं सामान तुमच्यात मिसळत नाही. ती काठी ठेवली की मागचा माणूस ‘दांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणतो. माझ्या पहिल्या आठवड्यात अनोळखी माणसाचा मला मिळालेला तो एकमेव शब्द होता. अजून आठवतो.

कॅशियर बसून काम करते आणि हात विजेसारखे चालतात. ती पिशवीत भरून देत नाही. जड वस्तू पट्ट्यावर आधी मांडा, अंडी-टोमॅटो शेवटी. ती स्कॅन करेल तसं सगळं सरळ ट्रॉलीत टाका, पैसे द्या, आणि खिडकीजवळच्या फळीवर जाऊन सावकाश पिशवीत भरा. पिशवी घरून न्या. काउंटरवरच्या पातळ प्लास्टिक पिशव्या २०२२ पासून बंद आहेत, कागदी-कापडी विकत मिळते. आपली बाजाराची कापडी पिशवी बॅगेतून न्याच, तिची घडी कोटाच्या खिशात बसते.

ती तीन-चार प्रश्न विचारेल. ‘झामेल्न झी पुंक्टे?’ म्हणजे पॉइंट जमवता का. म्हणायचं, ‘नाइन, दांके’, म्हणजे नाही, धन्यवाद. ‘बार ओडर कार्टे?’ म्हणजे रोख की कार्ड. ‘ब्राउखेन झी डेन बॉन?’ म्हणजे पावती हवी का. याला नेहमी ‘या, बिटे’, म्हणजे हो, द्या. निघताना ती ‘श्योनेन टाग नॉख’, म्हणजे दिवस छान जावो, म्हणेल, तुम्हीही तेच म्हणा. आत शिरताना ‘हालो’, छोट्या दुकानात ‘गुटेन टाग’, दक्षिणेकडं ‘ग्रूस गॉट’. आपण बाजारात अण्णा, अक्का, मावशी म्हणून नातं जोडतो. तिथं नातं या दोन शब्दांवर जुळतं. न बोलता आत घुसणारा माणूस त्यांना उर्मट वाटतो.

आकड्यांना घाबरू नका. इंग्रजीतून शिकलेल्यांना जर्मन आकडे उलटे वाटतात, आपल्याला वाटायचं कारण नाही. चौपन्नला ते ‘फिअर-उंड-फुन्फ्त्सिग’ म्हणतात, म्हणजे चार आणि पन्नास. आपलं चौपन्न तरी दुसरं काय आहे? चौ आणि पन्न. एकवीस, बत्तीस, सत्तेचाळीस सगळे याच चालीचे. मराठीतून पाढे म्हटलेल्या पोराला कॅशियरनं सांगितलेला आकडा दोन आठवड्यांत कळायला लागतो. ‘त्स्वोल्फ फिअरउंडफुन्फ्त्सिग’ म्हणजे बारा युरो चौपन्न सेंट.

रिकामी बाटली म्हणजे पैसे

पेयाची प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घेतलात की किमतीवर २५ सेंट अनामत लागते. तिला ‘फांड’ म्हणतात. ही पद्धत २००३ पासून आहे. २०२२ पासून रसाच्या बाटल्याही तिच्यात आल्या, २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही. पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांवर कमी, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट, पाण्याच्या किंवा दह्याच्या काचेच्या बरणीवर १५.

बाटल्या साठवायच्या, दुकानाच्या दारापाशी मशीन असतं तिथं एकेक आत सरकवायच्या, हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि कासेवर द्यायची. बिलातून वजा होतं, नाहीतर रोख मिळतं. बाटली चेपू नका. लेबलवरची खूण मशीनला दिसली पाहिजे. म्हणूनच फाल्समध्ये घेतलेली बाटली आखनच्या मशीननं मला परत दिली. तिची खूण वेगळी, देश वेगळा.

पहिल्या महिन्यात मी तीसेक बाटल्या कचऱ्यात टाकल्या होत्या. साडेसात युरो गेले. रस्त्यात बाटली टाकायची वेळ आली तर डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवतात. म्हणजे ती गोळा करून पोट भरणाऱ्याला डब्यात हात घालावा लागत नाही. ही पद्धत मला फार आवडली, तुम्हीही पाळा.

आपलं स्वयंपाकघर तिथं उभं करताना

यावर मी तासभर बोलू शकते, कारण पोटात घरचं गेलं की मन ठिकाणावर राहतं.

कणकेचं आधी. सुपरमार्केटातलं ‘वाइत्सेनमेल ४०५’ म्हणजे जवळजवळ मैदा. ५५० थोडं बरं, १०५० आणखी कोंडा असलेलं. हा आकडा पिठात किती खनिजं उरली ते सांगतो, म्हणजे आकडा वाढेल तसा कोंडा वाढतो. ‘फोल्कॉर्न’ म्हणजे सबंध गव्हाचं, पण ते जाडंभरडं दळलेलं असतं, नुसत्याची चपाती फाटते. १०५० मध्ये मूठभर फोल्कॉर्न घालून, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवलं की बऱ्यापैकी चपाती होते. भारतीय दुकान सापडलं की आट्याची मोठी पिशवी घ्या आणि हा खटाटोप सोडा. ज्वारीचं पीठही तिथंच मिळेल. चिकोडी-निपाणीकडच्या मुलांचा भाकरीशिवाय जीव रमत नाही, हे मला माहीत आहे.

रव्याला ‘वाइखवाइत्सेनग्रीस’. शिऱ्याला, उपम्याला उत्तम. ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ही चालतो, जरा जास्त शिजवावा लागतो. बेसन म्हणजे ‘किखरएर्ब्सेनमेल’. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसूर डाळ, कुठल्याही दुकानात मिळते. पहिल्या महिन्याची आमटी तिच्यावरच होते. बासमती सगळीकडं आहे, पण खानापूरच्या माणसाला मऊ भात हवा असतो. त्यासाठी ‘मिल्खराइस’ घ्या. ते लोक त्याची खीर करतात. आखूड दाण्याचा, स्वस्त, आणि कुकरमध्ये मस्त चिकट होतो.

दह्याला ‘नाटुअरयोगुर्ट ३,५’. ताक हवं तर ‘बुटरमिल्ख’, कढी फार सुरेख होते. ‘हा-मिल्ख’ म्हणजे टिकाऊ दूध, न फोडता फ्रीजबाहेर राहतं. ते दोन-तीन डबे घरात ठेवाच, रविवारचं संकट टळतं.

आणि क्वार्क! हा शब्द सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवा. क्वार्क म्हणजे आयता चक्का. ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला घ्या, ‘मागर’ लिहिलेला नको, तो कोरडा पडतो. फडक्यात तासभर टांगा, पिठीसाखर, वेलची, जमलं तर केशर. पंधरा मिनिटांच्या हातकामात श्रीखंड. दसऱ्याला मी पहिल्यांदा केलं, तेव्हा खोलीत आम्ही पाच जणं होतो. एक धारवाडचा, एक मडगावचा, तीन आपल्याकडचे. पातेलं चमच्यानं खरवडून साफ केलं.

कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, मोठी कांद्याची पोती, वांगी, भेंडी यांसाठी तुर्की दुकान शोधा. प्रत्येक गावात असतं, भाव कमी आणि माल ताजा. तिथल्या काकांशी थोडं बोललात तर ओळख ठेवतात. एक सावधगिरी : कोथिंबिरीसारखीच दिसणारी ‘पेटरझीलिए’ नावाची पाने शेजारी असतात. पान चुरगळून हुंगा, कोथिंबिरीचा वास आला तरच घ्या. लवंगी मिरचीच्या तिखटपणाची तिथं आशियाई दुकानातली बारीक थाई मिरची. कच्चे शेंगदाणेही आशियाई दुकानातच. सुपरमार्केटातले बहुतेक भाजलेले-खारवलेले असतात, त्यांचा कूट घातला की आमटी खारट होते.

युरोला ढोबळ शंभर रुपये धरून प्रत्येक वस्तू मनात रुपयांत मोजण्याची सवय लागते. कोथिंबिरीच्या जुडीला दीडशे रुपये म्हटलं की हात मागं येतो. महिनाभरानं ही सवय सोडा. हातात ९९२ युरो आहेत, त्यात जेवणाचे किती, असा हिशेब मांडा. नाहीतर भाजी न घेता नुसत्या नूडल्सवर राहणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि जानेवारीत ती आजारी पडतात.

औषधं

डीएमसारख्या दुकानाला ‘ड्रोगेरी’ म्हणतात. नाव औषधांचं वाटलं तरी तिथं तापाची गोळीसुद्धा मिळत नाही. औषध फक्त ‘आपोटेके’त, दारावर लाल रंगाचं मोठं ए अक्षर असतं. पॅरासिटामॉल चिठ्ठीशिवाय मिळतं, अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अजिबात नाही. रात्री आणि रविवारी पाळीनं एक आपोटेके उघडी असते. कुठली ते इतर आपोटेकेंच्या दारावर लावलेलं असतं. रात्री बेल वाजवली की छोट्या खिडकीतून औषध देतात आणि अडीच युरो जास्तीचे घेतात.

आठवडी बाजार आणि जुनं सामान

आठवड्यातून एक-दोनदा चौकात ‘वोखेनमार्क्ट’ भरतो. आपल्या बाजारासारखाच दिसतो, पण इथं एक मोठा फरक आहे. भाजीला हात लावायचा नाही. आपण वांगं दाबून, भेंडीचं टोक मोडून बघतो. तिथं तसं केलंत तर विक्रेता रागावतो. बोटानं दाखवायचं, तो देतो. दुपारी बाजार उठायच्या वेळी गेलात तर भाव उतरलेले असतात.

सायकल, टेबल, खुर्ची, दिवा, भांडी नवी घेऊ नका. ‘क्लाइनआन्त्साइगन’ या संकेतस्थळावर जुन्या वस्तू मिळतात. किमतीपुढं ‘फाउ बे’ ही अक्षरं असतील तर भाव करता येतो. ‘फ्लोमार्क्ट’ या जुन्या बाजारातही करता येतो, तिथं खडेबाजारात मुरलेलं आपलं कसब वापरा. वस्तू न बघता आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नका. सायकल घेताना पुढचा-मागचा दिवा चालतो ना, आणि विकणाऱ्याकडं तिची पावती आहे ना, ते विचारा.

सिम कार्ड सुपरमार्केटातही मिळतं, पण पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय सुरू होत नाही.

परत देणं, बदलून घेणं

आपल्याकडं शहापुरात घेतलेली साडी आठ दिवसांनी ‘रंग आवडला नाही’ म्हणून बदलून मिळते, दुकानदार चहाही पाजतो. तिथं एका दुकानात मी सवलतीतले हिवाळी बूट घेतले, घरी आल्यावर अंगठ्याला लागायला लागले. दुसऱ्या दिवशी गेले तर बदलून मिळाले नाहीत. मी तासभर हुज्जत घातली, उपयोग झाला नाही, कारण नियम त्यांच्या बाजूचा होता. दुकानात जाऊन घेतलेली निर्दोष वस्तू परत घेणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं. बरीच दुकानं चौदा-तीस दिवस देतात, पण ते आधी विचारायचं : ‘उमटाउश म्योग्लिख?’ ऑनलाइन मागवलेली वस्तू मात्र, थोडे अपवाद सोडले तर, चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, तो हक्क आहे.

वस्तूत दोष निघाला तर गोष्ट वेगळी. नव्या वस्तूची दोन वर्षांची जबाबदारी कायद्यानं विकणाऱ्यावर असते. ‘कंपनीला कळवा’ म्हणून त्यानं हात झटकले तरी ऐकायचं नाही. त्यासाठी पावती हवी. पातळ कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून किटली-लॅपटॉपसारख्या वस्तूंच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा.

डिसेंबर

२४ डिसेंबरला दुकानं दुपारी दोनपर्यंत बंद होतात. २५ आणि २६ सुट्टी. त्याला लागून रविवार आला तर साडेतीन दिवस कुलूप. विद्यापीठाची कँटीनही बंद असते, जर्मन मुलं घरी गेलेली असतात, चार-साडेचारलाच अंधारायला लागतं. २२-२३ तारखेलाच बटाटे, कांदे, तांदूळ, मसूर, टिकाऊ दूध आणि क्वार्कचे दोन डबे आणून ठेवा, आणि मजल्यावर जे कुणी मागं राहिलेत त्यांना २५ ला जेवायला बोलवा. माझ्या जिन्यातल्या त्या बाईंना मी बोलावलं होतं. श्रीखंडाची दुसरी वाटी त्यांनी स्वतःच मागून घेतली.